लाल पट्टीचे बाण

सेतुरामराव गेल्याची बातमी मला मोबाइलवर एका ओळीत कळली. मी अंबत्तूरच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो. मेसेज आमच्या धनुर्विद्या क्लबच्या सेक्रेटरींचा होता. झोपेतच गेले, हार्ट अटॅक. पाच मिनिटांनी त्यांचाच दुसरा मेसेज आला. शोकसभेत चार शब्द बोला, स्मरणिकेसाठी लेख द्या, फक्त हाताचा विषय नको. मी डबा बंद केला. माणूस जाऊन एक दिवस उलटला नव्हता आणि यांना काळजी कशाची, तर त्या हाताची... स्मरणिकेला मी लेख दिला नाही. हा लिहितोय तो हाताविषयीच आहे.

पुण्याहून नोकरीसाठी मद्रासला आलो तेव्हा वेस्ट मांबलममध्ये आमच्या समोरच्या बिल्डिंगीत ते राहायचे. त्यांचे पूर्वज तंजावरचे. घरात जुनी मराठी बोलायचे, अर्धी तमिळ मिसळलेली, आणि माझी मराठी ऐकून म्हणायचे, ‘‘तू पुस्तकासारखा बोलतोस रे तंबी.’’ धाकट्या भावाला तमिळमध्ये तंबी म्हणतात. बँकेतून लवकर निवृत्त होऊन क्लबमध्ये प्रशिक्षक झाले होते. मलाही त्यांनीच तिथे ओढून नेलं. पहिले तीन रविवार त्यांनी मला धनुष्याला हात लावू दिला नाही. बाणांचा गठ्ठा पुढ्यात टाकायचा आणि एकेक तपासायला लावायचा. कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवायचा, जरा फिरवायचा, पुन्हा वाकवायचा आणि कान द्यायचा. आत कुठे चीर असली तर बारीक कुरकुर ऐकू येते. ‘‘कान लाव, तो सांगतो,’’ असं म्हणायचे. आखूड बाण ते वेगळेच काढायचे, कारण दोरी पुरती ओढली की तो टेकूवरून मागे घसरतो आणि थेट हातात शिरतो. चीर गेलेल्या बाणाचं भय त्यांना त्याहून जास्त. ‘‘तो सुटताना फुटतो. पुढे काही मारत नाही, सोडणाऱ्यालाच मारतो.’’

माझं कारखान्यातलं कामही हेच. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि चीर दिसली की लाल पट्टी मारून बाजूला काढायचे. हे ऐकून त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. मी त्यांना आमच्या रंगाची एक छोटी डबी आणून दिली. तेव्हापासून बाद बाणांना पिसांच्या जरा खाली लाल पट्टी बसू लागली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते बाद बाण जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून मोडायचे, तुकडे कुणाला बोचू नयेत म्हणून. सेक्रेटरींच्या पोटात दुखायचं. डिंक लावून चालले असते की, असं ते खरोखर म्हणायचे!

त्या वर्षी आयुधपूजा महिना संपायच्या आत आली. लाल पट्टीचे नऊ बाण कपाटात मोडायची वाट बघत पडले होते. पूजेचा ढीग भरगच्च दिसावा म्हणून सेक्रेटरींनी ते नऊही बाहेर काढले आणि चांगल्या बाणांत मिसळून मांडले. सगळ्यांना चंदन फासलं आणि त्यावर बोट बोट कुंकू. फासलं तेही नेमकं पिसांच्या खाली. राव संध्याकाळी आले, ढिगाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आता सगळेच बाण लाल होते. त्यांनी हात पुढे केला तर सेक्रेटरी ओरडले, ‘‘अय्यो सार, पूजेला ठेवलंय! आज हात लावायचा नाही.’’ आमच्याकडे कारखान्यातही त्या दिवशी यंत्राला कुणी हात लावत नाही, तेव्हा मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. कुणी पाहुणे आले होते, हार होते, नादस्वरम आणि तविलची वाजंत्री अगदी कानाशी. मुहूर्ताचा पहिला बाण बारा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने सोडायचा होता. राव म्हणाले, ‘‘असके, सगळेच बाण धुवून घेतो, मला दहा मिनिटं द्या.’’ सेक्रेटरी हसून म्हणाले, पाहुण्यांसमोर कुंकू पुसणार? आणि ढिगातला एक बाण उचलून त्यांनी मुलीच्या हातात दिला. मी चार पावलांवर उभा होतो. त्या ढिगात नऊ बाद बाण आहेत हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून. रावांनी मुलीच्या हातून धनुष्य आणि बाण काढून घेतले. बाण वाकवून कानाशी नेला... त्या गोंगाटात त्यांना काय ऐकू येणार होतं? मुलीला मागे सरकवून ते म्हणाले, ‘‘पहिला मी सोडतो.’’

बाण सुटला तसा फुटला. मागचा तुकडा त्यांच्या डाव्या हातात मनगटापाशी शिरून अंगठ्याखालून बाहेर आला. वाजंत्री त्यानंतरही थोडा वेळ चालूच होती. डॉक्टरांनी तुकडा काढला, पण कार्बनच्या कुसळांनी आत वाट लावली होती. त्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. पुढची चार वर्षं धोतराची गाठही बायकोने मारून दिली.

आणि मग तो अहवाल. सेक्रेटरींनी लिहिला: प्रशिक्षकाने बाण न तपासता वापरला. खाली साक्षीदाराची सही हवी होती. सरावाचं मैदान बंद पडेल, मुलांचं नुकसान होईल, असं काय काय ते बोलत राहिले आणि कॉफी मागवली. मी सही केली. कारखान्यात चीर असलेला चार आण्यांचा तुकडा मी पुढे जाऊ देत नाही आणि इथे अख्खं खोटं माझ्या हाताखालून पास झालं. रावांची नेमणूक गेली. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की तेच हसणं, तेच ‘‘तंबी’’. मीच मग मागच्या गल्लीने जाऊ लागलो.

शोकसभेत सेक्रेटरी त्यांच्या फोटोला हार घालून गहिवरले. रावांच्या नावाने चषक ठेवणार म्हणाले, कशाचा, तर सुरक्षिततेचा! उठून बाहेर आलो. बाहेर आल्यावर कळलं, शिसारी त्यांची आली होती त्याहून जास्त माझी आली होती. मी आतमध्ये पुन्हा गेलो नाही.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी देवघराच्या कपाटातून फडक्याची एक पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. आत त्या बाणाचे दोन तुकडे होते, डॉक्टरांकडून मागून आणलेला आणि जमिनीवरून उचललेला. ‘‘कुणाला धुवू दिलं नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणत होते, तो तंबी येईल एक दिवस. त्याचं कामच पाहण्याचं आहे, तो पाहील. असकं तसंच ठेव.’’

चार वर्षं ते माझी वाट बघत होते, समोरच्या बिल्डिंगीत. मी अंगठा ओला केला आणि पिसांच्या खाली वाळून बसलेलं कुंकू घासलं. ते सुटलं, चंदनही सुटलं. खालची लाल पट्टी मात्र निघेना, रावांनी तपासून मारलेली. ती माझ्याच डबीतल्या रंगाची होती.