सासऱ्यांच्या हसण्याचा पुरावा

त्याला सगळी गल्ली हनुवटी म्हणायची. त्याची स्वतःची हनुवटी काही फार देखणी होती अशातला भाग नाही. ती बिचारी दाढीत कुठेतरी लपलेली असायची. पण त्याच्या स्टुडिओत स्टुलावर टेकलं रे टेकलं की पहिलं वाक्य कानावर पडायचं, "हनुवटी जरा खाली... एवढी नाही हो... वर... हां, आता हलू नका!" मग तो खणखणीत आवाजात मोजायचा, एक, दोन, तीन! आणि तीनला माणसाचं जे काही व्हायचं ते विचारू नका. श्वास आत, डोळे बाहेर, खांदे थेट कानांना लागलेले. लग्नाची मुलगी असो नाहीतर बँकेतला शिपाई, फोटोत चेहरा सगळ्यांचा एकच. जणू एकाच डॉक्टरने सगळ्यांना एकच सुई दाखवली होती.

ओळखपत्राला चालायचं तेवढं. त्यामुळे हनुवटीचं बरं चाललं होतं. आणि एक दिवस सासूबाई आल्या.

"जावईबापू," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या, "आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. दोघांचा फोटो हवाय. यांचा हसताना."

हनुवटीच्या हातातलं काच पुसायचं फडकं खाली पडलं. सासरे म्हणजे जन्मभर शाळेत कवायत शिकवलेले मास्तर. निवृत्त झाले तरी दूध आणायलासुद्धा पावलं मोजत जायचे. त्यांना हसताना पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

"हसतात हो ते!" सासूबाई म्हणाल्या. "घरात दुसरं कोणी नसलं की पोट धरधरून हसतात. मी लोकांना सांगून सांगून थकले. माझी सख्खी बहीण म्हणते, ताई, तुला भास होतात. उद्या मी नसले तर हा माणूस खरा कसा होता हे सांगणारं कोणी उरणार नाही. मला पुरावा हवाय." आणि उठता उठता म्हणाल्या, "जमत नसेल तर तसं सांगा. चौकातला तो नवा स्टुडिओ फोटोत सशाचे कानसुद्धा लावून देतो म्हणे."

सशाचे कान हनुवटीच्या वर्मी लागले.

त्याच आठवड्यात त्याने दोघांना बोलावलं. सासऱ्यांच्या शर्टाला अशी कडक इस्त्री की शर्ट एकटासुद्धा उभा राहिला असता. हनुवटीने मोजलं. एकला टाचा जुळल्या. दोनला पोट आत, छाती पुढे. तीनला नजर भिंतीतून आरपार. हनुवटीने विनोद सांगितला, तर सासरे हूं की चूं न करता ऐकून म्हणाले, "चांगला होता." बायको कॉम्प्युटरवर फोटो बघत होती. ती म्हणाली, "अहो, आईशेजारी हा पुतळा कुठून आणून ठेवलात?"

मग काय, हनुवटीच्या अंगात वारं शिरलं. मासिकांतले मोठमोठे फोटो कापून त्याने भिंतीवर डकवले. मागचा पडदा निळ्याचा काळा केला. गिऱ्हाइकांना एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकचं फूल देऊन पाहिलं. चेहरे तेच, फक्त आता फूल धरलेले. वैतागून तो दाढी कमी करायला शेजारच्या न्हाव्याकडे गेला आणि बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसला.

खुर्चीत एक जाडजूड शिंपी होता. कात्री चालू तोवर तो श्वास धरून, अगदी तीन म्हटल्यासारखा. न्हाव्याने गळ्याभोवतीचं कापड सोडून फटकन झटकलं, आणि हनुवटी बाकावरून उठूनच उभा राहिला! शिंप्याचे खांदे खाली आले, गाल सैल झाले, त्याने आरशात स्वतःकडे पाहिलं आणि खुदकन हसला. दाराकडून येणाऱ्या उजेडात तो काय देखणा दिसला म्हणता!

"बसा की, तुमचाच नंबर," न्हावी म्हणाला.

"नको, मी फक्त बघतो!"

दुपारभर तो बघत राहिला. न्हावी शेवटी कंटाळून म्हणाला, "दाढी करायची नसेल तर निदान झाडू तरी मारा."

दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओत नवीनच तऱ्हा. स्टूल खिडकीशी आलं. कॅमेऱ्याचं लांब वायरचं बटण हनुवटीच्या मुठीत गेलं. तो पूर्वीसारखं मोजायचा, "तीन! झालं!" म्हणायचा, पण बटण दाबायचा त्यानंतर, माणूस सुटला की. सुरुवातीला फार उशीर व्हायचा. बायकोच्या कॉम्प्युटरवर जांभया आल्या, खाजवणारी नाकं आली, दाराबाहेर चाललेली एक पाठ आली. पाठ बघून बायको इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. पण हळूहळू हनुवटीच्या बोटाला ती वेळ कळायला लागली. चेहरे उमलायला लागले. शिपायाने आपला फोटो पाहिला आणि विचारलं, "हा मी? बरा आहे की!"

मग सासूसासऱ्यांना पुन्हा बोलावणं गेलं. एक, दोन, तीन, झालं!

सासरे जागचे हलले नाहीत. टाचा जुळलेल्या, पोट आत.

"बाबा, झालं."

"बरं," सासरे म्हणाले. ओठ तेवढे हलले. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं आणि हळूच पर्स उचलली. हनुवटीच्या डोळ्यांपुढे सशाचे कान नाचायला लागले. हा माणूस 'झालं' म्हटल्याने सुटणारा नव्हेच! जन्मभर याने शेकडो पोरांना एका शब्दावर मोकळं केलं, आणि याला तो शब्द कधी कोणी म्हटला?

हनुवटीने छाती भरून श्वास घेतला आणि शाळेचं मैदान दणाणावं असा ओरडला, "विश्राऽऽम!"

सासऱ्यांचे पाय आपोआप फाकले. खांदे उतरले. आणि इतका वेळ आत ओढून धरलेलं पोट टुणकन बाहेर आलं, शर्टाचं बटण तडकलं आणि टप्पकन कॅमेऱ्याच्या पायाशी पडलं. सासूबाईंनी बटणाकडे पाहिलं, मग पोटाकडे, आणि पोटात बोट खुपसलं. "अगं, काय हे," म्हणत सासरे खी खी खी करून असे हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हनुवटीचा अंगठा मुठीतल्या बटणावर नाचत होता.

फोटोला चौकट करून दिली तेव्हा सासरे म्हणाले, "जावई, हा कपाटात ठेवायचा. शिस्त जाईल." पण सासूबाई फोटो काखेत मारून केव्हाच रस्त्यावर पोचल्या होत्या. पहिला न्हावी सापडला. "बघा! म्हणत नव्हते मी?" मग शिंपी, मग अनोळखी सायकलवाला. "बघा, हसतात!"

"अगं ए, थांब!" म्हणत सासरे मागे धावले. पावलं मोजायची राहूनच गेली. अर्ध्या रस्त्यात त्यांनाच हसू आवरेना. कोपऱ्यावरच्या भिंतीला धरून ते फोटोपेक्षाही छान हसत उभे राहिले, सगळ्या गल्लीदेखत.

हनुवटी धावत बाहेर आला. कॅमेरा आतच स्टँडवर राहिला होता. त्याने रिकाम्या मुठीतला अंगठा तेवढा दाबला आणि तोही हसत सुटला.