बिनराखेचा वाफा

रोज सकाळी व्हॉल्व्ह उघडण्याआधी गौराबाई टाकीतलं पाणी ओंजळीत घ्यायची, हुंगायची, एक थेंब जिभेवर ठेवायची आणि बाजूला थुंकायची. मग थोडा वेळ तशीच उभी राहायची. तोंडाला काही लागलं नाही, की मगच वाफ्यांना पाणी. रसायनीच्या कारखान्यांजवळच्या सासरी तिने तीस वर्षं भात लावला होता. पाण्याच्या रंगावर जाऊ नये, हे ती तिथंच शिकली.

ते शेत रस्त्यात गेलं. नवरा त्याआधीच गेला होता. मग ती खोपोलीत, शिळफाट्याला, भावाच्या मुलीकडे आली. हर्षलाने नोकरी सोडून एका इमारतीमागची मोकळी जागा भाड्याने घेतली होती. हिरव्या जाळीखाली लाकडी पेट्यांचे बारा वाफे, त्यांत मातीऐवजी नारळाचा भुसा आणि खत. भिंतीवर तक्ता. दर रविवारी तीन वाफे लावायचे, म्हणजे चौथ्या आठवड्यापासून दर शुक्रवारी तीन वाफे काढणीला.

"सगळं एकदम लावलं तर एकदम निघतं, आत्या. आणि एकदम घेणारं कुणी नसतं."

"भात नाय का एकदम निघत?"

"भात कणगीत राहतो. हा पाला दोन दिवसांत सडतो."

पाला म्हणजे लेट्यूस. पळसदरीला सुनीतीबाईंच्या घरी सुट्टीला पैसे देऊन राहणारे पाहुणे येत. त्यांच्यासाठी दर शुक्रवारी सहा क्रेट. जागेचं भाडं या एका ऑर्डरवर उभं होतं. सुनीतीबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की लागोपाठ दोन शुक्रवार चुकले तर त्या दुसरा माणूस बघतील. तसं झालं असतं तर हर्षला नोकरीवर परतली असती, आणि गौराबाईला हात घालायला कुठेच माती उरली नसती. तिला हे माहीत होतं. म्हणूनच तिचा कुणावर विश्वास नव्हता. वॉचमन किशोर जाळीशी उभा राहिला, की ती विचारायची, "काय टाकलंस रं?" सुनीतीबाईंचा टेंपोवाला निलेश बूट घालून वाफ्यांमधून चालायचा. त्याच्या पावलांवर ती मागून झाडू मारायची.

"मावशी, मी काय रोग हाय का?"

"त्ये मला काय म्हाईत? तुजे बूट कुठं कुठं फिरतात, त्ये तुला तरी म्हाईत हाय का?"

मार्चमध्ये पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग फिका. पहिल्या शुक्रवारी टेंपो रिकामा गेला. गौराबाईने त्या दिवशी तीनदा पाणी हुंगलं. पाण्यात काही नव्हतं. मग ती निलेशच्या मागे लागली. दुसऱ्या कुणीतरी त्याला पाठवलंय, बुटातून औषध आणतो, असं तिने त्याच्या तोंडावर सांगितलं. निलेश हसला नाही. फाटकाबाहेर जाऊन टेंपोत बसला.

मंगळवारी हर्षला एकेक वाफा बघत गेली. अकरा पिवळे. कोपऱ्यातला एक मात्र हिरवागार. पाणी तेच, भुसा तोच, रोपंही शेजारच्या दोन वाफ्यांबरोबर त्याच दिवशी लावलेली. तिने शेजारच्या पिवळ्या वाफ्यात बोटं खुपसली. नखाखाली करडी भुकटी आली, आणि जळक्या काटकीचा एक तुकडा.

"आत्या, हे काय आहे?"

गौराबाई झारी पुसत राहिली.

"आत्या."

"राबाची राख."

पेरणीआधी पालापाचोळा, शेण घालून जमीन भाजायची, तो राब. त्याशिवाय तिच्या हातून कधी भाताचं रोप वाढलं नव्हतं. भुशावर तिचा विश्वास बसेना. इथं आग लावता येत नाही, म्हणून भावाच्या शेतावरून तिने राखेची दोन पोती आणली होती आणि हर्षला बँकेत गेलेली असताना वाफ्यांत कालवली होती.

"शेतात पाऊस ती राख धुऊन नेतो गं," हर्षला खाली बसली. "इथं पेटी आहे, आणि पाऊसही नाही. सगळी आतच राहिली. क्षार वाढला, मुळांना अन्न घेता येईना."

तिने बोटं पुसली आणि कोपऱ्याकडे बघितलं.

"मग कोपऱ्यातला का सोडलास?"

गौराबाईने झारी पालथी घातली. "माजाबी काय भरवसा? म्हटलं, एक तसाच असू दे. बघू."

शुक्रवारी त्या एका वाफ्यातून दोन क्रेट भरले. या वेळी टेंपोबरोबर सुनीतीबाई स्वतः आल्या. हर्षला काही बोलणार, तेवढ्यात गौराबाई पुढे झाली. "राख मी टाकली. पोरीचा तक्ता बरोबर हाय. त्यो कोपऱ्यातला तिचा, बाकीचे माजे." सुनीतीबाईंनी एक पान तोडलं, आधी हुंगलं, मग चावलं. आधी हुंगण्याची ती रीत गौराबाईला आवडलेली दिसली.

"हा शुक्रवार चुकला नाही असं धरते," त्या म्हणाल्या. "महिनाभर निघेल तेवढं द्या."

अकरा वाफ्यांतला भुसा बदलला. मे उजाडता सहाच्या सहा क्रेट जाऊ लागले. गौराबाईने निलेशची माफी मागितली नाही. त्याला फाटकाशी चहा द्यायला लागली, आणि तो पिताना त्याच्या पायांकडे बघायला.

पुढच्या माघात ती भावाकडे चार दिवसांसाठी गेली आणि तिथंच झोपेत गेली. इथून निघाली ती शुक्रवारची सकाळ होती. तिने पाणी हुंगलं, थुंकली, पिशवी उचलली, आणि फाटकातून वळून हर्षलाला म्हणाली,

"निलेशला बूट काढून आत सोड. आन् तरी बघत राहा."