कुत्रं आडवं आलंच नव्हतं

आमच्याकडे कुणाचं हाड मोडलं की बघायला येणाऱ्याला दोन गोष्टी लागतात, चहा आणि हकीकत. चहात साखर कमी पडली तर माणूस निमूट पितो. हकीकत कमी पडली तर बाहेर जाऊन बोलतो.

नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला तेव्हा सुरुवातीला मी हकीकत कमी पाडली. आमच्या परतूरच्या घरात पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून कुणी लांबण लावत नाही. आष्टीहून नणंद आली. दारातच तिने विचारलं, "कसं काय झालं, वहिनी?"

"अंगणात उभ्या गाडीवर बसले होते. गाडी पडली, पाय खाली आला. आत जा, चहा टाकते."

तिने हातातल्या मोसंब्यांच्या पिशवीकडे असं पाहिलं, की ती परत न्यावी की काय. एवढ्या उन्हाची जीपमध्ये अंग कोंबून आली, आणि पदरात हे पडलं. नंतर कुणाजवळ तरी म्हणाली म्हणे, "वहिनीला काही वाटतच न्हाई. दळणाचा भाव सांगितल्यावानी सांगती."

सासूबाईंना हे सहन झालं नाही. त्यांनी कुत्रं आणलं.

कुत्रं काळं होतं. ते रेल्वे फाटकापाशी आडवं आलं आणि त्याला वाचवताना त्यांचा लेक मोटरसायकलवरून पडला. पहिल्या दिवशी एवढंच. पाहुण्यांना ते आवडलेलं दिसल्यावर कुत्र्याला पिल्लं झाली. मग समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. आठवडा संपता संपता बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. मी कपबश्या गोळा करताना नवऱ्याकडे बघायची. तो छताकडे बघायचा.

सासूबाईंना कुत्र्याची गरज का पडली, ते मला माहीत होतं. अंगणातल्या कढीपत्त्याला त्या रोज बादलीने पाणी घालतात. थोडं झाडाला, बाकी अंगणाला. त्याच ओल्या मातीत गाडीचं स्टँड रुतलं होतं. नवऱ्याने कुत्रं का चालवून घेतलं, तेही कळत होतं. त्याने उभा जन्म एसटी चालवली. निवृत्तीला आता वर्षही उरलेलं नाही. एकही अपघात नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला शोकेसमध्ये मधोमध ठेवलाय. भाजीत मीठ नसलं तर हा माणूस बोलत नाही, पण कुणी सहज जरी विचारलं, "आजवर एकदाही ठोकली नाही?" तर हातातला घास खाली ठेवून उत्तर देतो. अशा माणसाने उभ्या गाडीवरून पडलो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग एक दिवस त्याचा जुना कंडक्टर आला. दोघांनी कितीतरी वर्षं एका गाडीवर काढलेली. तो खुर्ची कॉटजवळ ओढून बसला आणि सासूबाईंनी कुत्रं सोडलं. पिल्लं, ट्रॅक्टर, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, बशीतल्या चहावर फुंकर घातली आणि म्हणाला, "म्हंजी डायवरसाहेब, जाता जाता एक ठोकलीच की तुम्ही."

"ठोकली कुठं?" नवरा म्हणाला. "घरची गाडी व्हती. कागदावर येत न्हाई."

"कागदाचं कोण बोलून राह्यलं? आम्ही डेपोत नव्या पोरांना तुमचं नाव सांगायचो. एकदाबी न्हाई म्हणून. आता कुत्र्यापायी का होईना, एक झाला म्हणायचं."

ज्या कुत्र्याने इतके दिवस याची लाज राखली, ते आता बिल्ला तोंडात धरून पळालं होतं. नवऱ्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा शोकेसकडे. मी रिकामा ट्रे घेऊन गिरणीकडे निघाले होते.

"थांब," तो म्हणाला. "खरं काय झालं ते सांग यांना."

"तुम्हीच सांगा की. पाय मोडलाय, तोंड नाही."

"मला जमत न्हाई. तू सांग. अन् नीट सांग. दळणासारखं नको."

लग्नाला इतकी वर्षं झाली, 'थोडक्यात सांग' याखेरीज त्याने मला काही सांगितल्याचं आठवत नाही. बाहेर दळणाचे डबे थांबले होते. ते थांबू दिले आणि मी स्टुलावर बसले.

गाडीपासून सुरुवात करायची नाही, एवढं बसता बसता कळलं. मी मुलापासून केली. मुलगा संभाजीनगरला नोकरीला. त्याने नवी मोटरसायकल घेतली. हे ड्यूटीवरून आले आणि ती कशी चालवायची ते त्याला फोनवर शिकवायला बसले. कशावर बसले? अंगणात उभ्या असलेल्या आपल्याच गाडीवर.

इथे मी जरा थांबले. कंडक्टर खुर्चीत पुढे सरकला.

"मी आत कणीक मळत होते. सगळं ऐकू येत होतं. काटा पन्नासच्या पुढं जाऊ द्यायचा न्हाई. वळण आलं की हारन. चिखल दिसला की सावकाश, बिलकुल सावकाश. आणि चिखल म्हणता म्हणता गाडी कलली. तीही सावकाश. इतकी, की यांचं वाक्य पुरं झालं, मग आवाज आला. मी धावत गेले. गाडी आडवी, पाय खाली, फोन कानाला. आणि फोनमधून पोरगा विचारतोय, बाबा, गाडी चालवताना फोनवर बोलून राह्यलात का?"

कंडक्टर असा हसला की बशीतला चहा विजारीवर सांडला. मग डोळे पुसत त्याने कामाचं विचारलं. "गाडी बंद व्हती?"

"किल्ली घरात खुंटीला होती."

"मंग कशाचा अपघात? चाक फिरलं न्हाई तर अपघात कसा धरायचा?"

नवऱ्याने प्लास्टरचा पाय उशीवर नीट ठेवून घेतला. "तेच म्हणून राह्यलो मी," तो म्हणाला. म्हणाला तर काहीच नव्हता.

कढीपत्त्याचं पाणी मी सांगताना मुद्दाम वगळलं होतं, सासूबाई समोरच होत्या म्हणून. त्या मात्र हसणाऱ्या कंडक्टरकडे बघत होत्या. इतके दिवस कुत्र्याने रडवलं खरं, पण कुणी असं हसलं नव्हतं.

"आन् माती वली कशानं झाल्ती, ते सांग की," त्या म्हणाल्या. "म्या टाकल्तं पाणी. दोन बादल्या."

त्यांच्याही वाट्याचं हसू त्यांना मिळालं.

त्यानंतर कुत्रं आमच्या घरात पुन्हा दिसलं नाही. पण येणारे वाढले, कारण ज्यांना कुत्रं सांगितलं होतं ते खरी हकीकत ऐकायला परत आले. नणंदही आली, या खेपेला मोसंब्यांशिवाय. गिरणीत गहू पडलेला होता, म्हणून मी तिला उभ्या उभ्याच मुलगा, फोन आणि चिखल सांगून मोकळी झाले. ती हसली. मी पट्ट्याकडे वळले, तेवढ्यात गिरणीच्या आवाजावर ताण करत आतून नवऱ्याचा आवाज आला.

"किल्ली खुंटीला व्हती, ते राहिलं."