मंगलाबाईंची सुंदरबनची सहल

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या मंगलाबाई गर्गे मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. अंगाने किरकोळ, पण आवाज असा खणखणीत की दारातला शिपाईसुद्धा दचकायचा. फळ्यावर वाघ इतका सुरेख काढायच्या, की तो पुसायला कुणी धजत नसे. खरा वाघ मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

छप्पन्न सालच्या हिवाळ्यात त्यांनी मुलींना सुंदरबनला न्यायचं ठरवलं. तेवढ्यात मध्यभारत जाऊन नवा मध्यप्रदेश झाला. प्राचार्य म्हणाले, "बाई, परवानगी देणारं राज्यच उरलं नाही."

"राज्य गेलं, वाघ तर तिथेच आहेत ना?" बाई म्हणाल्या आणि तयारीला लागल्या.

वर्गातल्या मीराचे वडील भय्यासाहेब मात्र ऐकेनात. घराण्याने पिढ्यान् पिढ्या शिंदे सरकारची चाकरी केलेली. मुलगी कधी उज्जैनबाहेर एकटी गेली नव्हती. मंगलाबाई रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसू लागल्या. शेवटी ते वैतागून म्हणाले, "घेऊन जा बाबा! पण पोर तुमच्या पदरात घातलीय, ध्यानात ठेवा."

कलकत्त्याहून पुढे मुली नावेने खाड्यांत शिरल्या. हरणं दिसली, काठावर ऊन खात पडलेली मगर दिसली. मग ओहोटी लागली आणि एका अरुंद खाडीत नाव काठच्या चिखलात रुतली. नावाड्याने खुणेनेच सांगितलं, भरती येईपर्यंत थांबा. समोरच्या चिखलात वाघाची ताजी पावलं होती.

"बाई, नाव तर फसली! आता काय हो?" एक मुलगी रडकुंडीला आली.

बाईंना तर पोहताही येत नव्हतं. पण त्यांनी चिखलात उड्या मारणाऱ्या माशांकडे बोट दाखवलं आणि वर्गातल्यासारखं शिकवायला सुरुवात केली. हळूहळू मुली हसू लागल्या.

ऊन कलायला आलं, तेव्हा मीराने बाईंचा हात घट्ट धरला. पलीकडच्या झाडीतून वाघ उतरला, खाडीच्या पाण्यात शिरला आणि संथपणे पोहत अलीकडच्या काठाला लागला. अंग झटकून त्याने एकदा नावेकडे पाहिलं आणि रानात दिसेनासा झाला.

"बाई, तुम्ही रडताय?" मीराने हळूच विचारलं.

"इतकी वर्षं चुकीचा काढत होते गं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "खांदे केवढे असतात त्याचे!"

भरती आली, नाव सुटली आणि मुली सुखरूप परतल्या.

उज्जैनच्या स्टेशनावर भय्यासाहेब टांगा घेऊन हजर होते. बाईंनी तिथेच सगळं खरंखरं सांगून टाकलं. ऐकता ऐकता ते मीराच्या ट्रंकेवर मटकन बसले. बाई बोलणी खायच्या तयारीने उभ्या राहिल्या.

भय्यासाहेब मात्र लेकीकडे वळून म्हणाले, "वाघ पोहत गेला? खरंच? चल, टांग्यात बस आणि पहिल्यापासून सांग. बाई, तुम्हीही चला. ही मधलं काहीतरी गाळेल."