हरीकाकांनी बदललेलं पाणी

देवबागचे हरीकाका तीस वर्षं मच्छीमार होडीचं इंजिन सांभाळत होते. त्यांचं इंजिन भर दर्यात कधी बंद पडलं नाही. हे ते स्वतः सांगत नाहीत, बाकीचे सांगतात. काका बोलण्यात कंजूष. बोललेच तर इंजिनाबद्दल, नाहीतर मुलाबद्दल. मग होडी विकली गेली, त्याच वर्षी सुभद्राकाकी गेल्या, आणि या माणसाच्या हातांना काही कामच उरलं नाही. तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा प्रीतम मुंबई सोडून घरी आला.

आमच्याकडची पोरं मुंबईहून येतात ती गणपतीला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. प्रीतम चक्क राहायला आला. अजून बांधून न झालेल्या इमारती आतून-बाहेरून कशा दिसतील, याची चित्रं तो कॉम्प्युटरवर करतो. कंपनीने त्याला घरून काम करू दिलं, पण सुनावलंही, की एकदा जरी काम अडकलं तर मुकाट्याने मुंबईला येऊन बसायचं. थोडक्यात, हरीकाकांचा मुलगा घरी राहणार की नाही हे एका कॉम्प्युटरवर ठरणार होतं, आणि तो कॉम्प्युटर तापून तापून मध्येच बंद पडत होता. पंख्यांनी भागेना. खारं वारं लागून पंख्यांखालचे ॲल्युमिनियमचे पत्रे सहा महिन्यांत पांढरे पडायचे.

मालवणात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर बापलेक दुकानात आले. पाण्यावर थंड होणारा संच घ्यायचं प्रीतमने ठरवलं होतं, पण कुठला, ते ठरत नव्हतं. मी दोन प्रकार समोर ठेवले. एक कारखान्यातच पाणी भरून कायमचा बंद केलेला; बसवायचा आणि विसरून जायचं. दुसरा सुटा. त्याची टाकी, पंप, नळ्या आपण जोडायच्या, पाणी आपण भरायचं आणि वर्षाने बदलायचं. मी बंद संचाच्या बाजूने घसा कोरडा केला. प्रीतमलाही तोच पटला होता.

हरीकाकांनी तो बंद संच हातात घेऊन उलटासुलटा केला. पाणी कुठून घालायचं, विचारलं. घालायचं नाही, म्हटलं. मग कमी झालं तर कळणार कसं? कळत नाही, म्हटलं. त्यांनी तो परत काउंटरवर ठेवला.

"जेचा झाकण उघडूक येणा नाय, तेचो भरवसो कसो धरुचो?"

दर्यावरच्या माणसाचा हिशेब बरोबर होता. जे स्वतःला उघडता येत नाही ते किनाऱ्यापासून दहा मैलांवर बंद पडलं तर करणार काय? मी हसलो. प्रीतम हसला नाही. त्याने बापाच्या हातांकडे बघितलं आणि सुटा संच घेतला. बापासाठीच घेतला, हे मला तेव्हाच कळलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला. सोबत मी डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचा कॅन दिला. हेच पाणी का, ते प्रीतमला माहीत होतं. काकांना सांगायची गरज मला वाटली नाही.

नळ्या काकांनीच जोडल्या म्हणे. नंतर रोज सकाळी चहाच्या आधी ते टाकीतली पातळी बघत, पंपाला बोट लावत, जाळीवरचं मीठ जुन्या फडक्याने पुसत. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. त्या वर्षी काका बाजारात भेटले की आपण होऊन बोलायला लागले. मासळीवालीशी घासाघीस करतानाही मी त्यांना बघितलं.

नवरात्रात एकदा ते दुकानात आले. माझ्यासमोर गोव्याचा एक पर्यटक बिघडलेला फोन घेऊन डोकं खात होता. काका बाजूला थांबले. मग हळूच म्हणाले, "वर्षाक एकदा पाणी बदलूचा लागता मां?"

मी मान वरही केली नाही. म्हटलं, "होय, बदलूचा."

काका गेले. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे कुठलं पाणी घालायचं ते, सांगायला मला दहा सेकंदं लागली असती, आणि त्या दहा सेकंदांसाठी मी स्वतःला अजून शिव्या घालतो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, अवजारं, इंजिनं पुसूनधुवून पुजतात आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती देतात. होडीच्या इंजिनाचं तेलपाणी काका तीस वर्षं त्याच दिवशी बदलत आले. प्रीतमने बापाच्या समाधानासाठी कॉम्प्युटर बंद ठेवला आणि झेंडूची फुलं आणायला तो मालवणला गेला. तेवढ्या वेळात काकांनी जुनं पाणी काढलं. घरच्या विहिरीचं ताजं पाणी शेंदलं आणि सुभद्राकाकींच्या जुन्या सुती लुगड्यातून तीनदा गाळलं. त्यांची विहीर खाडीपासून चाळीस पावलांवर. आपल्याला ते पाणी मचूळ, खारट लागतं, काका जन्मभर तेच पीत आले, त्यांना ते गोड लागतं. टाकी भरून त्यांनी नळीचा जोड पान्याने आवळला, होडीवर आवळायचे तसा. आतली रबरी चकती कापली गेली. मग हळदकुंकू लावून हार घातला.

तिसऱ्या दिवशी काम ऐन रंगात असताना जोडातून ठिबकायला लागलं. साधं डिस्टिल्ड पाणी असतं तर पुसून, वाळवून कदाचित वाचवता आलं असतं. खाऱ्या पाण्याने आतलं सगळं जाळलं. काम अडकलं आणि कंपनीने शब्द पाळला.

प्रीतम कॉम्प्युटरचा खोका माझ्याकडे घेऊन आला तेव्हा आत पांढरं मीठ साचलेलं होतं. त्याने बोट लावून चाखलं. मग म्हणाला, "बाबांका सांगू नको. पंप खराब निघालो, असा सांग." मी मान हलवली. बाबा मला विचारून गेले होते, हे मी त्यालाही सांगितलं नाही. चार दिवसांनी तो मुंबईला गेला. पंपाचंच कारण ऐकून काकांनी खोका घरी परत नेला.

यंदा खंडेनवमीला मला राहवेना, म्हणून देवबागला गेलो. टेबलावर तोच मेलेला कॉम्प्युटर, पुसून लखलखीत केलेला, झेंडूच्या हारासकट. टाकी काठोकाठ भरलेली. शेजारी ओलं लुगडं वाळत होतं. मुलगा आला की लगेच कामाला बसता यावं, म्हणून तयार ठेवलंय, म्हणाले. नवा पंप तेवढा तू आणून दे, म्हणाले. काका थकलेत, कळशी आता अर्धीच भरून आणतात.

त्यांनी टाकीच्या काचेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तीनदा गाळलंय. बरोबर केलंय मां रे?"

खरं सांगावं तर हा माणूस उरलेलं आयुष्य त्या विहिरीकडे बघत काढणार. न सांगावं तर पुढच्या वर्षीही पाणी भरणार आणि वाट बघणार.

"होय," म्हटलं. "बरोबर केलास."