खांब माझा, पाटी त्यांची

आमचे मालक मिलिटरीतनं सुटून आले, तेव्हा त्यांना मोटारीचं सगळं काम येत होतं आणि शेतीतलं काहीच येत नव्हतं. गावाकडचा ऊस थोरले दीर बघत. मालक सीमेवर होते तेवढी सगळी वर्षं मी त्या घरात जावेच्या हाताखाली काढली होती. जाऊ वाईट बाई नव्हती. पण चुलीत लाकूड किती घालायचं आणि मी माहेरी सांगलीकडं कधी जायचं, हे तीच ठरवायची. मला ते पुन्हा नको होतं. म्हणून आम्ही तालुक्याच्या गावात एक खोली धरली आणि मिरची कांडायचा डंक टाकला. मोटारीवर लोखंडी मुसळं वरखाली होतात, खालच्या उखळात मिरची कुटली जाते, एवढंच ते यंत्र. पण ते आमचं होतं.

डंकाचं काम फाल्गुन ते वैशाख. त्या दिवसांत वर्षाची चटणी करून ठेवतात. पाऊस तोंडावर आला की मग डंकाकडं कुणी फिरकत नाही. दिरांनी सांगून ठेवलं होतं, दोन उन्हाळे बघा, नाही जमलं तर यंत्र विका आणि घरी या. मालकांनी मान डोलावली. मला कुणी विचारलं नव्हतं.

पहिला उन्हाळा बेताचा गेला. दुसरा उन्हाळा आणीबाणीतला.

आमची खोली मोठ्या रस्त्यापासून आत, बोळात होती. बाहेरच्या माणसाला बोळ दिसायचाच नाही. म्हणून मालकांनी बोळाच्या तोंडाशी बाभळीचा खांब रोवला, बुडाला डांबर लावलं, आणि त्यावर पत्र्याची पाटी ठोकली. ट्रकवर नंबर रंगवणाऱ्या माणसाकडनं तिच्यावर एक मोठी लाल मिरची काढून घेतली, हिरव्या देठाची, आणि खाली बोळाकडं बोट दाखवणारा बाण. अक्षरं अशी नव्हतीच. आमच्याकडं येणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना वाचता येत होतं? लोणंदच्या बाजारातनं येणाऱ्या, माणदेशाकडनं मेंढरांमागं फिरत आलेल्या बाया मिरची बघून वळायच्या. पाटी चांगली होती. मी लांबून बघायची तेव्हा मलाही ती मिरची खरी वाटायची.

त्या माघात नगरपालिकेनं ठराव केला. ज्याची त्यानं पाटी आपापल्या दाराच्या वर लावायची. दारापासून लांब लावली तर ती पाटी नाही, जाहिरात. जाहिरातीला परवानगी पाहिजे. परवानगीचे अर्ज घेणं पुढच्या ठरावापर्यंत बंद. नोटीस आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं वाचायला शिकवतात तेवढं मला येतं, पण ही नोटीस ज्यानं लिहिली त्यालाही ती वाचून दाखवता आली नसती.

मी इन्स्पेक्टरकडं गेले. हा माणूस नगरपालिकेत दुकानांच्या पाट्या आणि हातगाड्या बघायचा. मी म्हटलं, "आवं साहेब, दारात पाटी लावून कुणाला सांगू? दारात आलेल्याला डंक कानानं ऐकू येतोय की."

तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा आहे.

मी विचारलं, मग तंबूतल्या सिनेमाची गाडी दिवसभर पोस्टरं लावून भोंगा वाजवत फिरते, ती? तर म्हणे ती एका जागी उभी राहत नाही, तिला हा ठराव लागू होत नाही. म्हणजे मी मिरचीची पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यानं फिरले असते तर चाललं असतं. तसं मी त्याला म्हटलंही. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "हो, तसं चालेल." तो चेष्टा करत नव्हता, हेच मला जास्त लागलं.

घरी आले तर मालकांनी पाटी काढून ठेवलेली. मिलिटरीतला माणूस. ऑर्डर म्हणजे ऑर्डर. दुसऱ्या दिवशी सायकलला बांधून ती त्यांनी कार्यालयात जमा केली आणि पोच मागितली. पोच मिळाली नाही. मी त्यांना म्हटलं, लढाईत शत्रूनं काढा म्हटल्यावर बूटसुद्धा काढून दिले असते का? खांब तेवढा राहिला, कारण नोटिशीत खांबाचं काही नव्हतं.

आठवडाभरात नगरपालिकेची माणसं आली आणि त्या खांबावर त्यांनी स्वतःची पाटी बोल्टांनी बसवली. लाल त्रिकोण, आई, बाप आणि दोन पोरं, आणि खाली बाण. रस्त्यापलीकडं त्यांचा दवाखाना होता, तिथं कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची शिबिरं चालायची, त्याची ती पाटी. खांब आयता मिळाला, भक्कम होता, त्यांना आवडला असणार. पण मालकांनी पाटी बसवायला खांबाला पाडलेली खाच होती बोळाच्या बाजूला, पाटी बसली त्या खाचेत, आणि बाण आला आमच्या बोळाकडं. दवाखाना एका बाजूला आणि बाण दुसऱ्या बाजूला.

त्या उन्हाळ्यात लोक त्या त्रिकोणाला किती भीत होते, ते आता सांगून कुणाला खरं वाटत नाही. बाजारातनं माणसं धरून नेतात असं रोज ऐकू यायचं. खरं किती आणि खोटं किती, कुणी शोधायला जात नव्हतं. त्रिकोण दिसला की गडी रस्ता बदलायचे. आणि आमच्या बोळाच्या तोंडाशी त्रिकोण, खाली आमच्याकडं बाण.

डंक पडून राहिला. मी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायला लागले. एक बाई डोक्यावर मिरचीचं गाठोडं घेऊन आली, मागनं नवरा. मी म्हटलं, या, डंक आतच हाय. नवऱ्यानं आधी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग बायकोच्या दंडाला धरून तिला मागं ओढलं.

"मिरचीच्या नावानं आत घेत्यात व्हय?" तो म्हणाला. "आमास्नी खुळं समजलीस काय?"

मी म्हटलं, "आरं बाबा, आत माझा डंक हाय. आत येऊन बघ."

"आत गेलेलंच तर परत येत न्हाईत," तो म्हणाला आणि गेला.

बायको मात्र गाठोड्याखालनं माझ्याकडं बघून हसत होती. तिला माहीत होतं आत काय आहे. पण ती नवऱ्यामागं गेली, आणि मिरचीही तिच्याबरोबर गेली.

मी पुन्हा इन्स्पेक्टरकडं. म्हटलं, माझी पाटी देऊ नका, पण तुमची निदान फिरवा, तुमचा बाण चुकलाय. तुमचीच माणसं दवाखाना शोधत माझ्या डंकात शिरतील. तो म्हणाला, पाटीचा नमुना वरून मंजूर होऊन आलाय, बाण कुठल्या बाजूला हे त्यातच आहे. पाटी फिरवली तर चित्र भिंतीकडं जाईल. फिरवायची असेल तर सभेत ठेवावं लागेल. आणि अशा दिवसांत त्या पाटीला हात लावायचा विषय सभेत ठेवणार कोण? नोकरी कुणाला नको झालीय?

मग त्यानं आवाज खाली आणला. त्यालाही वरून ऑपरेशनला माणसं आणून द्यायची सक्ती होती, सगळ्याच सरकारी नोकरांना होती. "बाई, तुमच्याकडे बायका येतात. दोन-तीन केस मिळवून द्या. पाटीचं मी बघतो."

मी म्हटलं, माझ्याकडं बायका मिरची कांडायला येतात. येत होत्या.

जाताना बाहेरच्या पडवीत पाण्याच्या रांजणावर माझी पाटी दिसली. झाकण म्हणून ठेवलेली, मिरची वर, त्या मिरचीवर पितळी तांब्या. तिथं ती कुठल्या नियमात बसत होती, मी विचारलं नाही.

चैत्र निम्मा झाला. दिरांचा निरोप आला, यंत्राला सांगलीकडचं गिऱ्हाईक आहे, महिनाअखेरीला घेऊन येतो. मालकांनी मुसळांना तेल लावायला घेतलं, विकताना चांगली दिसावीत म्हणून. मी त्यांच्या हातातनं तेलाचा डबा काढून घेतला. त्यापलीकडं मलाही काय करावं ते सुचत नव्हतं.

डंकाच्या खोलीला रस्त्याच्या अंगाला एक खिडकी होती. मिरची कांडताना तिखट पुडीचा खकाणा उठतो, तो बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही खिडकीवर ओली पोती टांगायचो. वर्षभराच्या तिखटानं ती पोती पत्र्यासारखी कडक झाली होती. कामच नव्हतं, म्हणून मी ती धुवायला काढली. तेवढ्यात शेजारणीनं आपल्या घरची मिरची आणली. शेजारणीला पाटी लागत नव्हती. मालकांनी डंक चालू केला, आणि मी पोत्यांचं विसरून गेले.

वारं त्या दिवशी रस्त्याकडं होतं. पहिल्यांदा सायकलवाला शिंकला. मग एसटीची वाट बघत उभी असलेली माणसं एकेक करून शिंकायला लागली. थोड्या वेळानं दोन बाया नाकाला पदर लावून, डोळे पुसत, थेट बोळात आल्या. एकीनं विचारलं, "डंक हाय ना हितं? लय ठसका लागला तवा कळलं."

मी म्हटलं, "पाटीला भ्याला न्हाई?"

"पाटी खोटं बोलंल," ती म्हणाली, "ठसका कसा बोलंल?"

पोती मी वाळत घातली आणि वाळल्यावरही वर चढवली नाहीत. शिंकांबद्दल ठरावात काही नव्हतं. आठ-दहा दिवसांत बोळात रांग लागायला लागली. गडीसुद्धा यायचे, नाक पुसत, त्रिकोणाखालनं खाली मान घालून.

मग शिबिराचा दिवस आला. दुपारी इन्स्पेक्टर धावत आला, तोंडाला रुमाल बांधून, आणि मागनं दवाखान्यातला डॉक्टर. डॉक्टर तरुण होता आणि चांगलाच भडकला होता. दवाखान्यात नुकतीच ऑपरेशनं झालेली माणसं पडलेली, टाके ताजे, आणि सगळीजणं शिंकतायत. एक तर म्हणे शिंक दाबून धरून रडत होता.

हे मला माहीत नव्हतं. टाके असताना शिंक म्हणजे काय असतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी डंक बंद करायला सांगितला, पोती भिजवली आणि खिडकीवर टांगली. आणि मग डॉक्टरला बोळाच्या तोंडाशी नेलं.

"ह्यो बाण बघा," मी म्हटलं. "तुमची माणसं हिकडं पाठवतोय आणि माझी पळवून लावतोय. आज पोती टांगली. उद्या काढणार. माझ्या खिडकीला काय लावायचं ते ठरावात न्हाई."

डॉक्टरनं पाटीकडं बघितलं, मग रस्त्यापलीकडं आपल्या दवाखान्याकडं. त्याच्या शिबिराला माणसं का मिळत नव्हती, याचं निम्मं उत्तर त्याला तिथं दिसलं असावं. तो इन्स्पेक्टरला म्हणाला, "ही पाटी आत्ता काढा."

इन्स्पेक्टर सभेचं सांगायला लागला. डॉक्टर म्हणाला, सभेला मी येतो आणि टाके उसवलेली माणसं बरोबर आणतो.

संध्याकाळच्या आत पाटी निघाली. रस्त्यापलीकडं दवाखान्याच्या भिंतीवर बसली, जिथं ती पहिल्यापासून असायला हवी होती. त्याला ठराव लागला नाही, सभा लागली नाही, एक पाना लागला. तो पानाही आमच्या मालकांचाच होता.

माझी पाटी काही मला परत मिळाली नाही. अर्ज अजून बंदच होते. शिबिराच्या दिवशी मी पोती खाली सोडायची, बाकीचे दिवस वर बांधायची, आणि खांब नुसता उभा राहिला. त्याला एक म्हैस अंग घासायची.

महिनाअखेरीला दीर त्या सांगलीच्या गिऱ्हाइकाला घेऊन आले. एसटीतनं उतरल्यापासून दोघं शिंकत होते. बोळात रांग, डंक चालू, मालक घामानं भिजलेले, कुणाकडं बघायलाही वेळ नाही. गिऱ्हाईक म्हणालं, चालू धंदा कशाला विकताय? मालकांनी डंक थांबवला नाही, पण पहिल्यांदाच स्वतःहून बोलले.

"वहिनीला सांगा," ते भावाला म्हणाले, "आमी येत न्हाई."

पुढच्या फाल्गुनात जाऊ स्वतः आली, मिरचीचं पोतं घेऊन. डोळे लाल, पदर नाकाला. म्हणाली, गावात कुटून चटणी बारीक होत नाही. मी म्हटलं, बरं झालं आलीस, पण आधी आलेल्या बायका आहेत. ती भिंतीला टेकून बसली आणि शिंकत आपली पाळी येण्याची वाट बघत राहिली. तिची मिरची मी चांगली बारीक करून दिली. कांडणावळ मात्र सगळ्यांसारखीच घेतली.