देवमाशाची हाक

देवमाशांचा अभ्यास करणारी एक तरुणी आमच्या बंदरावर आली होती. समुद्रात टिपलेला त्यांचा आवाज तिने मच्छीमारांना ऐकवला. लांबलचक, कण्हल्यासारखा. सगळे हसले, फक्त म्हातारे काशिनाथतात्या हसले नाहीत.

"हा मी ऐकलाय," ते म्हणाले. "तरुणपणी, होडीत आडवा पडलो की तळातून यायचा. कुणाला बोललो नाही, वेड्यात काढलं असतं."

"आता येतो?"

"आता इंजिनं आली, बाई. काय ऐकू येणार?"

मला वाटलं, देवमासे अजूनही हाका मारत असतील आणि आपल्या गोंगाटात एकमेकांनाही सापडत नसतील.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी आम्हाला समुद्रात नेलं, इंजिन बंद केलं. तासभर काहीच ऐकू आलं नाही. तरी "चला परत" असं कुणीच म्हणेना.